भोंगा कोणाच्या हातात?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने सतरंजीवर बसून ऐकावे, हा आजवरचा रिवाज. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढले शिक्षण संघटनेच्या कचेरीत, हमालांच्या आणि डाळमिलच्या कामगारांच्या संगतीत झाले. तेव्हा ‘मोबाईलमधील गजर आणि पडद्याआडची कामे’ हा विषय मी घेतला, हे ऐकून पुष्कळांना हसू आले असेल. युनियनच्या माणसाने मजुरीवर बोलावे, यंत्रावर कशाला? परंतु मजुरीचे भांडण हे मुळात वेळेचेच भांडण असते. ती वेळ आज खिशातल्या ज्या यंत्रात जाऊन बसली आहे, त्याच्या आत काय चालते हे कळणे आपले कामच आहे. मला ते नाइलाजाने शिकावे लागले. कसे, ते आधी सांगतो.

आमच्या एका सभासदाच्या मुलाने संघटनेसाठी एक लहानसे ॲप तयार केले. सभेची वेळ, वर्गणीची तारीख, कोर्टातली तारीख, कोणाची औषधाची वेळ, अशा गोष्टी त्यात नोंदवायच्या आणि वेळ आली की फोन वाजायचा. आम्ही मोठ्या कौतुकाने ते शंभरेक फोनांत भरले. कामावरून कमी केलेल्या एका कामगाराची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. आदल्या संध्याकाळी सातला आणि त्या दिवशी सकाळी सहाला गजर व्हावा, अशी नोंद त्याच्यासमोर मी स्वतः करून दिली. आणि कागदावर लिहून ठेवण्याची त्याची जुनी सवय मीच मोडली. “आता कशाला कागद? हे वाजेल ना,” असे मी म्हणालो होतो.

ते वाजले नाही. दोन्ही वेळा वाजले नाही. तो शेजारच्या गावी सोयाबीनच्या राशीवर कामाला गेला, आणि इकडे पुकारा होऊन गैरहजेरीमुळे त्याचे प्रकरण निकालात निघाले. पुढे अर्ज-विनंत्या करून ते पुन्हा पटावर आणले. पण त्यात सहा महिने गेले, आणि सहा महिने म्हणजे बेकार माणसाच्या घरात काय असते ते येथे सांगायला नको. तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

मी त्या मुलाला समोर बसवले आणि म्हटले, “बाबा, तुला रागावत नाही. पण हे का वाजले नाही ते मला समजेल अशा भाषेत सांग.” तो म्हणाला, “काका, मलाही नीट माहीत नाही.” मग आम्ही दोघे मिळून शिकू लागलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, ॲप सदासर्वकाळ जागे नसते. आपण ते उघडून पाहत असतो तेवढ्यापुरते ते जागे. पडदा विझला की ते झोपते, आणि थोड्या वेळाने अख्खा फोनही झोपतो. त्याने झोपावे हेच योग्य, कारण जागे राहण्याला बॅटरी लागते. मग झोपलेल्या ॲपचा गजर होतो कसा? तर झोपण्यापूर्वी ते फोनच्या मुख्य व्यवस्थेकडे नोंद करते: ‘मला अमुक वेळेला उठवा.’ म्हणजे उठवणारा वेगळा आणि उठणारा वेगळा. पहाटे काकड आरतीला जायचे असेल तर आपण रात्रीच्या पहारेकऱ्याला सांगून झोपावे, तसा हा प्रकार आहे. पहारेकऱ्याच्या वहीत नाव राहिले तर उठवणे होणार; वहीच हरवली तर नाही.

आणि आमच्या प्रकरणात वहीच हरवली होती. अँड्रॉइड फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की त्यात नोंदवलेले सगळे वेळेचे गजर पुसले जातात. फोन पुन्हा सुरू झाल्याचा निरोप मुख्य व्यवस्था ॲपला देते. तो निरोप ऐकून ॲपने आपल्या साठवणीतून साऱ्या तारखा परत नोंदवायच्या असतात. आमच्या मुलाने तेवढी एक ओळ लिहिली नव्हती. त्या दोन महिन्यांत केव्हातरी त्या कामगाराच्या फोनची बॅटरी संपली, फोन बंद पडला, त्याने तो पुन्हा लावला. त्याच क्षणी त्याची तारीख पुसली गेली. ज्याच्या घरी वीज बेभरवशाची आणि फोन जुना, त्याचाच फोन वारंवार बंद पडणार. म्हणजे ही चूक नेमकी गरिबालाच आधी गाठणार होती. शहरातल्या मेजावर बसून पाहिले असते तर ती कदाचित दिसलीही नसती.

चौकशी करताना दुसरी तक्रार बाहेर आली. सभेची सूचना काहींना दोन-दोन तास उशिरा मिळत असे. ह्याचे कारण समजण्यासाठी आपल्या औशाच्या रस्त्यावरचाच दाखला घेऊ. लातूरला जायचे तर येथून एस.टी. मिळते आणि काळी-पिवळीही मिळते. एस.टी. वेळापत्रकाने सुटते, तीत चार माणसे असोत की चाळीस. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. पण तिची बैठक रिकामी जात नाही आणि तेल वाया जात नाही. फोनमधेही कामे अशी दोन जातींची आहेत. नेमक्या वेळेचा गजर ही एस.टी. छायाचित्रांची नक्कल पाठवणे, बातम्या आणून ठेवणे, हिशेब जुळवणे, ही पडद्याआडची कामे म्हणजे काळी-पिवळीचे उतारू. त्यांना फक्त अटी सांगता येतात: चार्जिंग चालू असेल तेव्हा, इंटरनेट असेल तेव्हा. नेमकी वेळ मागता येत नाही. ‘ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा कर’ असे सांगायचे तर ते अंतर पंधरा मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. आणि पंधरा मिनिटे म्हणजे पंधराच, अशी हमीही नाही. मात्र ही कामे ज्या वहीत लिहिली जातात ती पक्की असते. फोन बंद होऊन सुरू झाला तरी ती पुसली जात नाही. आमच्या मुलाने कोर्टाची तारीख एस.टी.त बसवली होती, पण बंदोबस्त केला नव्हता; आणि सभेची सूचना काळी-पिवळीत बसवून ती वेळेवर पोचेल अशी आशा धरली होती.

पूर्वी इतकी कडक शिस्त नव्हती. जे ते ॲप वाटेल तेव्हा फोन उठवीत असे. कोणी जाहिरात आणायला, कोणी आपण कुठे आहोत ते टिपायला. पन्नास ॲपे दर थोड्या वेळाने उठवू लागली की बॅटरी दुपारीच संपायची. म्हणून व्यवस्थेने एकेक निर्बंध आणले. २०१३ मध्ये साधे गजर एकत्र गोळा करून वाजवण्याची पद्धत आली. २०१५ मध्ये गाढ झोपेची अवस्था आली: फोन चार्जिंगला नसेल, हलत नसेल आणि पडदा विझलेला असेल, तर पडद्याआडची कामे थोपवून धरायची आणि मधून मधून दार किलकिले करून ती उरकायची, आणि झोप जितकी लांबेल तितके हे दार उघडण्याचे अंतरही वाढत जाते. २०१८ मध्ये ॲपांची प्रतवारी आली. जे ॲप तुम्ही क्वचित उघडता त्याला कामाची संधीही क्वचित. २०२१ पासून नेमक्या वेळेचा गजर लावायला वेगळी परवानगी लागू लागली. २०२३ च्या आवृत्तीपासून घड्याळ आणि कॅलेंडर वगळता बहुतेक नव्या ॲपांना ती आपोआप मिळत नाही. मालकाने सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. शिवाय काही फोनांत बॅटरी वाचवण्याची कारखानदाराची स्वतःची तजवीज असते, ती याहून कठोर. आयफोनमध्ये तर ही शिस्त पहिल्यापासूनच कडक आहे. एका ॲपला पुढच्या चौसष्टच सूचना नोंदवून ठेवता येतात, आणि पडद्याआडचे काम केव्हा करू द्यायचे हे सर्वस्वी व्यवस्थाच ठरवते.

येथे माझ्यातला युनियनचा माणूस जागा झाला. हा अनुभव आम्हाला नवा नाही. चार लबाडांनी सवलतीचा गैरफायदा घ्यावा आणि मालकाने सगळ्यांचीच सवलत काढावी, असे कारखान्यात नित्य घडते. येथेही जाहिरातवाल्यांच्या उपद्रवासाठी केलेला नियम क्षयाच्या रोग्याच्या औषधाच्या गजरालाही लागू झाला. नियम वाईट नव्हता. पण नियम करताना कोणाचे काम खरोखरच थांबू शकत नाही, हे विचारणारा कोणीतरी हवा असतो.

वेळ ही निसर्गाची वस्तू नसून ठरवणाऱ्याची वस्तू आहे, हे आपल्या मुंबईच्या गिरणी कामगाराने फार पूर्वी ओळखले. आरंभी गिरण्या सूर्याबरोबर चालत, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस रात्रीत घुसला. चौदा-पंधरा तास काम होऊ लागले. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची एक प्रमाण वेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी ह्या नव्या वेळेविरुद्ध दंगा केला. पुस्तकी माणसाला तो अडाणीपणा वाटेल. परंतु घड्याळाचा काटा मालकाने सरकवायचा आणि झोप आपली मोडायची, एवढे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्याच्याही आधी, १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीमुळे गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. जोतीराव फुल्यांच्या ह्या सहकाऱ्याने मागितले काय? तर आठवड्यातला एक दिवस भोंगा आमच्यासाठी वाजू नये, एवढेच. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले. प्रत्येक वेळी भांडण हेच होते: भोंगा कोणाच्या हातात?

आज गिरण्यांचे भोंगे थांबले, पण भोंगा नाहीसा झाला नाही. तो लहान होऊन खिशात आला. घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोराच्या फोनवर काम आल्याची घंटा वाजते ती त्याने लावलेली नसते. तो गजर बाहेरून येतो, कंपनीच्या यंत्राकडून. आणि गंमत पाहा, ती घंटा तातडीची म्हणून झोपलेल्या फोनलाही उठवून आत येते. पण त्याच पोराच्या आईच्या गोळीची आठवण मात्र फोन वाचवायचा म्हणून अडून राहते.

बाहेरून येणाऱ्या घंटेला मी वाईटच म्हणतो असे नाही. आपल्या तालुक्याला ते सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची भूमी हलली, तेव्हा हजारो माणसे झोपेतच गेली. ती वेळ कोणाच्या वहीत नव्हती आणि असूही शकत नव्हती. भूकंपाचा गजर आधी लावून ठेवता येत नाही. २०२३ पासून आपल्या देशात अँड्रॉइड फोनांवर भूकंपाची सूचना देण्याची सोय झाली आहे: पुष्कळ फोनांना एकदम हादरा जाणवला की दूरच्या फोनांना निरोप धाडायचा. मिळतात ते काही सेकंद, आणि केंद्राच्या अगदी जवळ असणाऱ्याला तेही मिळतील असे नाही. तरीही अशी घंटा हवी. म्हणजे प्रश्न घंटा आतून की बाहेरून हा नाही. ती कोणाच्या हितासाठी वाजते हा आहे.

आता आम्ही काय केले ते सांगतो, कारण नुसती तक्रार करून उठणे हे आमच्या धंद्याला शोभत नाही. त्या मुलाने फोन पुन्हा सुरू झाल्यावर सगळ्या तारखा परत नोंदवण्याची तजवीज केली. तारीख आणि औषध एवढ्यांपुरताच नेमक्या वेळेचा गजर ठेवला. वर्गणीची आठवण आणि परिपत्रके काळी-पिवळीत बसवली, कारण ती तासभर उशिरा मिळाली तर कोणाचे बिघडत नाही. आखातात गेलेल्या सभासदांसाठी नोंदीबरोबर ‘भारतातली वेळ’ असे लिहून ठेवले. नाहीतर दुबईतला फोन तेथल्या घड्याळाने दीड तास उशिरा वाजतो. आणि प्रत्येक सभासदाच्या फोनमध्ये गजराची परवानगी हाताने देऊन, बॅटरीच्या निर्बंधातून आमचे ॲप वगळून, आम्ही वहीत खूण केली. ॲप सेटिंगमध्ये जाऊन सक्तीने थांबवले तर गजरही थांबतो, हेही प्रत्येकाला सांगितले.

तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. घरी जाऊन फोनची सेटिंगे उघडा आणि कोणाला तुम्हाला उठवण्याचा हक्क दिला आहे ते पाहा. ज्याला द्यायला नको त्याचा काढून घ्या. ज्याला द्यायला हवा, म्हणजे म्हाताऱ्या वडिलांच्या औषधाला, मुलीच्या परीक्षेला, त्याला आवर्जून द्या. हक्क वापरला नाही की तो दुसरा कोणीतरी वापरतो, हा संघटनेचा पहिला धडा येथेही खरा आहे.

आणि आणखी एक. त्या कामगाराची पुढची तारीख आली तेव्हा ॲप वेळेवर वाजले. परंतु त्याच्या आधी, आदल्या संध्याकाळी, मी स्वतः त्याच्या दारात जाऊन उभा होतो. तो हसून म्हणाला, “साहेब, ह्यावेळी कागदावर लिहून ठेवलंय.” मी म्हटले, “फार चांगलं केलंस.” यंत्राने आठवण करावी, कागदानेही करावी, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक मारण्याची रीत आपण मोडू नये. ती मोडण्याची चूक मी एकदा केली आहे.