नाणेघाटाची वाट

जुन्नरकडून कोकणात उतरायला नाणेघाटाची जुनी वाट आहे. २००० वर्षांपूर्वी कल्याण बंदराचा माल जनावरांच्या पाठीवर लादून याच वाटेनं वर यायचा. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असं लोक सांगतात.

घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञात किती गाई, किती घोडे दान दिले, ते आकड्यांसकट कोरलं आहे. राणी गेली, राज्य गेलं, अक्षर मात्र राहिलं.

अशा लेण्यांत काहीजण आपलं नाव खरडतात. त्यानं जुनं अक्षर बुजतं. तुम्ही आता लिहायला शिकलात. नाव जरूर लिहा, पण वहीत लिहा. पूर्वजांची पाटी पुसू नका.