मिठातल्या सोडियमची बॅटरी



येलदरीच्या धरणात पूर्णेचं पाणी अडवून ठेवता येतं. वीज तशी अडत नाही. दुपारचं ऊन रात्रीच्या दिव्याला हवं असेल तर बॅटरीच लागते, आणि गटाच्या हिशोबात तीच महाग पडते. आपल्या फवारणी पंपाची बॅटरी किती दिवस टिकली, आठवून बघा.

मोबाईलच्या बॅटरीतलं लिथियम बाहेरच्या देशांतून आणावं लागतं. सोडियम आपल्या मिठातही आहे. म्हणून त्याच्या बॅटरीवर जगभर काम चाललंय. पुण्याच्या आयसर संस्थेतले डॉ. सतीशचंद्र ओगले आणि केपीआयटी कंपनी यांचं असं काम डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं.

मग अडतं कुठं? या बॅटरीतला कॅथोड नावाचा भाग बऱ्याचदा पदरापदरांचा असतो. एकावर एक रचलेल्या गोधड्या डोळ्यांपुढं आणा. मँगनीज, लोह, निकेल असे धातू आणि ऑक्सिजन यांच्या या गोधड्या. मधल्या फटींत सोडियम बसतं. बॅटरी भरताना ते बाहेर पडतं, वापरताना परत आत येतं. सोडियमचा कण लिथियमपेक्षा मोठा. त्याच्या रोजच्या ये-जा करण्यानं पदर फुगतात, आकसतात, सरकतात, शेवटी तडे जातात. म्हणून त्यात थोडं मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम मिसळतात, गोधडीला पक्का टाका घालावा तसं.

दुसरी खोड ओलाव्याची. श्रावणात मिठाला पाणी सुटतं ना? कॅथोडची ही पूड उघड्या हवेत राहिली तर सोडियम वर येऊन धुण्याच्या सोड्यासारखा थर धरतं, आणि बॅटरी कमी चालते. म्हणून कारखान्यात ती कोरड्या खोलीत हाताळतात, कणांवर पातळ लेप देतात. लोणच्यावर तेल असतं, तसाच. आणि मँगनीज तर आपल्याच नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींत निघतं, हे सांगताना मला बरं वाटतं.

तेवढीच वीज साठवायला ही बॅटरी लिथियमपेक्षा जड लागते. घरात एका जागी ठेवायची तर चालेल. पाठीवरच्या पंपाला जाणवेल.

आणि "मिठाची बॅटरी" ऐकून जुन्या बॅटरीत कुणी मीठ-पाणी ओतू नका, बाई! विकायला कुणी आलं तर विचारा, किती वेळा भरल्यावर किती क्षमता उरते? केपीआयटीनं ३००० ते ६००० वेळा भरूनही ८० टक्के उरते असं सांगितलंय. रोज एकदा भरली तर ३००० म्हणजे आठ वर्षं. दुकानदार जो आकडा सांगेल तो गटाच्या नावच्या पावतीवर लिहून घ्या.