घेंट, ब्रुज आणि ३६६ पायऱ्या

हेडफोन लावलेत ना? चला मग, आज बेल्जियमला जाऊ. तेही ऐन डिसेंबरात.

आम्ही ब्रसेल्सला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच आले होते. बाबांचे गुडघे कुरकुरतात, आणि इथे हिवाळ्यात उजाडतं पावणेनऊच्या सुमारास, पाचच्या आत अंधार. म्हणजे हातात जेमतेम आठ तास. तरी बाबांचा हट्ट, एका दिवसात दोन गावं बघायचीच.

घेंट ट्रेनने अर्ध्या तासावर. स्टेशन जुन्या गावापासून लांब आहे, सरळ ट्राम घ्या. थंडीत चालण्यात काही शौर्य नाही. तिथल्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हॅन आयक बंधूंचं १४३२ सालचं भलंमोठं चित्र आहे, लाकडी फळ्यांवर तैलरंगात. मधोमध कोकरू, भोवती देवदूत, आणि गवतातली झाडंफुलं ओळखू येतील इतकी बारीक. बाबा निवृत्त ड्रॉइंग मास्तर, ते हलेचनात. खाली डावीकडची फळी १९३४ साली चोरीला गेली ती आजतागायत सापडलेली नाही. तिथे आहे ती नक्कल. बाबा म्हणाले, "नक्कल करणाऱ्यानेही जीव ओतलाय बघ."

मग ब्रुज, पुढे आणखी साधारण अर्धा तास. एके काळी हे गजबजलेलं व्यापारी गाव. समुद्राकडची झ्विन खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पकडे सरकला, आणि गाव होतं तसं राहिलं. आपण "किती छान जपलंय" म्हणतो ना, त्यातलं बरंचसं मला तर गरिबीनेच जपलेलं वाटतं.

इथल्या चर्चमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी मेरी आहे, मांडीशी बाळ येशू. १९४४ साली जर्मनांनी ती गाद्यांत गुंडाळून पळवली. १९४५ साली ती सापडली ऑस्ट्रियातल्या आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत. आणि घेंटचं ते चित्रही त्याच खाणीत होतं! सकाळ-दुपार मिळून आम्ही एकाच खाणीतून परत आलेल्या दोन वस्तू पाहिल्या.

चौकात बेलफ्रीचा मनोरा. ८३ मीटर उंच, ३६६ पायऱ्या, वर जिना अगदी चिंचोळा. बाबांना जमणार नव्हतं. मला वाटलं, आता सगळेच खाली बसणार. तेवढ्यात आई म्हणाली, "तुम्ही बसा हो, मी जाऊन येते." बाबांना मागे ठेवून आई कुठे पुढे गेलेली मी आजवर पाहिलीच नव्हती. नातीचा हात धरला आणि गेलीसुद्धा.

आम्ही दोघं फ्राईज खात बसलो. बाबांचं लक्ष वरच. घंटा वाजल्या, दिवे लागले. "एवढा वेळ का लागतोय गं?" तीनदा विचारून झालं.

लालबुंद गालांनी आई खाली आली. "अहो, सगळी छपरं दिसतात वरून! सांगते ट्रेनमध्ये."

परतीच्या वाटेवर आई सांगत होती आणि बाबा नातीच्या वहीत काढत होते. मधेच आईने पेन्सिल धरली, "अंहं, खिडकी या बाजूला."