भिंतीमागे होतो, तरी मेलो कसा?

आज एक जुनं भांडण सांगतो.

२०२० चं लॉकडाउन. मी पुण्यात, फायबरवर. माझा मित्र कोकणात, गावच्या घरी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. एका रात्री शूटर गेममध्ये मी पळत भिंतीमागे गेलो, पूर्ण लपलो, आणि मग त्याच्या गोळीनं मेलो. मी सगळ्यांसमोर त्याला चीटर म्हणालो. तो एक शब्द न बोलता निघून गेला.

पुढे नेटवर्किंग वाचताना कळलं, चीटिंग नव्हतंच ते.

बघा, ऑनलाइन गेममध्ये सगळ्यांचा ‘आत्ता’ एकच नसतो. सर्व्हरवरचं चित्र आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, आपला क्लिक तिकडे जायलाही लागतो. दोन्ही मिळून पिंग. समजा, त्याचा पिंग १५० मिलिसेकंद. शिवाय हालचाल अडखळत दिसू नये म्हणून गेम मुद्दाम थोडं जुनं चित्र दाखवतो. व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनमध्ये हे डिफॉल्ट १०० मिलिसेकंद. बेरीज २५०. म्हणजे त्याची गोळी सर्व्हरवर पोचते तेव्हा त्याला दिसलेला मी पाव सेकंद जुना असतो. तेवढ्यात पळणारा माणूस मीटरभर सहज पुढे जातो.

इथे येतं लॅग कॉम्पेन्सेशन. सर्व्हर प्रत्येक खेळाडू कधी कुठे होता याची नोंद ठेवतो. सोर्समध्ये साधारण एका सेकंदाची. गोळी आली की बाकीच्यांना तेवढं मागे नेतो, नेम लागला का ते तपासतो आणि पुन्हा जागेवर आणून ठेवतो. व्हॉल्व्हच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. हे नसेल तर जास्त पिंगवाल्याला समोर दिसणाऱ्यावर नाही, त्याच्या पुढे अंदाजानं गोळी मारावी लागते.

थोडक्यात, सर्व्हर नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. किंमत मोजतो लपणारा. त्या रात्री तो मी होतो, एवढंच.

हे कळल्यावर मी मित्राला फोन केला. म्हटलं, “त्या दिवशी मी भिंतीमागे होतो रे.” तो म्हणाला, “माझ्या स्क्रीनवर तू भिंतीच्या अलीकडेच होतास.” दोघंही खरं बोलत होतो. मी सॉरी म्हणालो. जरा उशिराच पोचलं, पण पोचलं.

तेव्हा कुणाला चीटर म्हणण्याआधी त्याचा पिंग बघा. भेटू पुढच्या भागात!