छोट्या इंजिनाचा धडा
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





'छंद आणि शिक्षण' या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. या विषयावर उपदेश करणे सोपे आहे. पण आज मी उपदेशाऐवजी माझ्या हातून झालेली एक चूक आपल्यापुढे मांडणार आहे. तिच्यातूनच हा विषय मला थोडाफार समजला.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील मालवाहू जहाजावर नोकरीला. एका खेपेस जपानहून येताना त्यांनी मुलासाठी वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती आणली आणि तिच्याबरोबर रुळांचे चार तुकडे. मुलगा ते इंजिन शाळेत घेऊन आला आणि भर तासाला बाकाखाली पाहत बसला. मी ते काढून घेतले. "गणितात काठावर पास होतोस आणि खेळण्यात जीव अडकला आहे," असे चारचौघांत बोललो. डबी माझ्या टेबलाच्या खणात गेली ती वर्ष संपेपर्यंत तिथेच राहिली.

वार्षिक परीक्षेनंतर तो आला. "सर, अब्बा सुट्टीवर येणार आहेत, इंजिन द्याल का?" एवढेच म्हणाला. देण्यापूर्वी मी डबी उघडली. आत वहीच्या पानाची घडी होती. त्यावर ओळीने भागाकार मांडले होते, प्रत्येक संख्येला १५० ने भागलेले. शेवटी लिहिले होते: "१०६७ भागिले १५० बरोबर ७.१. पण रूळ ९ मिलिमीटर आहे. चूक कोणाची?"

मंडळी, मी बी. ए. झालेला भाषेचा शिक्षक. त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ज्याला मी गणितात कच्चा म्हणत होतो, त्याने कोणी न सांगता इतके भागाकार केले होते, आणि मी ते वर्षभर खणात बंद करून ठेवले होते. त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती गोळा करू लागलो.

प्रथम त्याच्या प्रश्नाचे उत्तर सांगतो. जपानची जुनी रेल्वे अरुंद मापाची आहे. दोन रुळांमधले अंतर १०६७ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. युरोप-अमेरिकेत ते बहुतेक ठिकाणी १४३५ मिलिमीटर असते. छोट्या प्रतिकृतींची 'एन' नावाची जी जगभर चालणारी पद्धत आहे, तिचा रूळ ९ मिलिमीटरचा. १४३५ ला १६० ने भागले की जवळजवळ ९ येतात, म्हणून तिकडे सगळे १६० पटींनी लहान करतात. जपानी इंजिने मुळातच लहान. ती १६० पटींनी आणखी लहान केली तर आत मोटार बसवणे फार कठीण. म्हणून तेथील कारागिरांनी गाडी १५० पटींनी लहान केली आणि रूळ मात्र तोच ९ मिलिमीटरचा ठेवला. ९ ला १५० ने गुणा, १३५० येतात. म्हणजे खऱ्या मापात हा रूळ २८३ मिलिमीटर जास्त रुंद झाला. मुलाचा भागाकार अचूक होता. ही चूक कारागिरांनी जाणूनबुजून पत्करलेली तडजोड होती. जपानची बुलेट गाडी १४३५ च्या रुळावर धावते, म्हणून तिची प्रतिकृती १६० पटींनीच लहान करतात. आणि ज्यांना ही तडजोड खपत नाही असे काही हट्टी छंदिष्ट गाडी १२० पटींनी लहान करतात. १०६७ भागिले १२० म्हणजे ८.९. मग ९ चा रूळ बरोबर बसतो!

जपानमध्ये या ९ मिलिमीटर रुळावरची पहिली गाडी १९६५ साली निघाली. सेकिसुई किंझोकू या कारखान्याने, ज्याला आज सगळे 'काटो' म्हणून ओळखतात, सी-५० नावाच्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती काढली. 'सी' म्हणजे काय? जपानी रेल्वेने १९२८ साली एक सुटसुटीत नियम केला. गाडी ओढणाऱ्या चाकांच्या तीन जोड्या असतील तर 'सी', चार असतील तर 'डी'. पुढचा आकडा १० ते ४९ असेल तर कोळसा-पाणी इंजिनाच्या अंगावरच, आणि ५० ते ९९ असेल तर मागे वेगळे टेंडर. तेव्हा डी-५१ हे नाव ऐकताच इंजिन न पाहता त्याचे निम्मे वर्णन करता येते.

आमच्या विद्यार्थ्याकडे होते ते हेच डी-५१. १९३६ ते १९४५ या काळात ही १,११५ इंजिने बांधली गेली. लोक त्याला लाडाने 'देगोइची' म्हणत. 'गो' म्हणजे पाच, 'इची' म्हणजे एक. आता विद्यार्थ्यांनी माझ्याबरोबर हिशेब करावा. टेंडरसह त्याची लांबी १९.७३ मीटर. १५० ने भागले की सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढी वस्तू. ओढणाऱ्या चाकाचा व्यास १४०० मिलिमीटर, तो झाला ९.३ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा! ताशी ८५ किलोमीटर हा त्याचा कमाल वेग टेबलावर सेकंदाला सुमारे १६ सेंटिमीटर होतो. मुले त्याला भिरभिरवतात तेव्हा ती आगगाडी राहत नाही, विमान होते.

वजनाचा हिशेब याहून मौजेचा आहे. कोळसा-पाणी भरलेले खरे इंजिन टेंडरसह सुमारे १२५ टन. तेही १५० ने भागायचे काय? नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १५० पटींनी घटल्या, म्हणून वजनाला १५० ने तीनदा भागायचे. साडेबारा कोटी ग्रॅमला ३३ लाख ७५ हजारांनी भागले की ३७ ग्रॅम उरतात. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके डबे ओढताना रुळावर नुसती फिरत राहतात. म्हणून प्रतिकृतीच्या पोटात जड धातूचा ठोकळा भरतात. घनफळाचा हा धडा मी फळ्यावर लिहिलेला ऐकला आहे, पण समजला तो तळहातावर इंजिन घेतल्यावर.

विजेचा धडाही तिथेच आहे. एका रुळातून वीज येते, चाकांवाटे मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. त्यासाठी दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असावी लागतात. तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. चाकावर धूळ बसली की गाडी थांबते. कारण शोधायला मुलगा आपोआप शिकतो.

काही पालकांच्या मनात येत असेल, हे सारे ठीक, पण हा श्रीमंतांचा षौक. त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही. जपानमध्ये असे संग्राहक आहेत की ज्यांच्या कपाटात एकाच डी-५१ ची दहा-दहा इंजिने असतात. आपल्याला तो वेडेपणा वाटेल. पण जाणकाराला ती दहा वेगळी दिसतात. पहिल्या ९५ इंजिनांच्या पाठीवर लांब आवरण होते, म्हणून त्यांना बिनशंखाच्या गोगलगायीचे नाव मिळाले. युद्धकाळात पोलाद मिळेना, तेव्हा काही भाग लाकडाचे केले आणि वजन भरून काढण्यासाठी काँक्रीट वापरले. उत्तरेकडच्या होक्काइदोच्या बर्फात ड्रायव्हर-फायरमनची खोली चारही बाजूंनी बंद केली. हा फरक ओळखणाऱ्याला त्या कपाटात जपानचा इतिहास दिसतो. जो फरक न ओळखता एकामागून एक विकत घेतो, त्याच्या कपाटात फक्त डब्या वाढतात. आपल्या दीनने त्याला इस्राफ म्हटले आहे, आणि मीही तसेच म्हणेन.

आठवण जपण्याचेही एक मोल आहे. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेची वाफेवरची शेवटची प्रवासी गाडी १४ डिसेंबर १९७५ रोजी होक्काइदोत मुरोरान ते इवामिझावा अशी धावली. ती ओढणारे सी-५७ जातीचे १३५ क्रमांकाचे इंजिन आज ओमियाच्या रेल्वे संग्रहालयात आहे. दहा दिवसांनी, २४ डिसेंबरला, शेवटची मालगाडी डी-५१ च्या २४१ क्रमांकाच्या इंजिनाने ओढली. त्याच्या नशिबी संग्रहालय नव्हते. पुढच्या एप्रिलमध्ये ओइवाके येथील इंजिन-शेडला आग लागली आणि ते जळाले. आता ते इंजिन पाहावयाचे तर छायाचित्रांत, नकाशांत आणि कुणीतरी मापाबरहुकूम केलेल्या तळहाताएवढ्या प्रतिकृतीत.

मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट याच्याही शंभर वर्षे आधीची आहे. १८५३ साली आपल्याकडे मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. त्याच वर्षी जपानच्या नागासाकी बंदरात रशियन सरदार पुत्यातिन याचे जहाज आले. त्यावर वाफेवर चालणारे छोटे इंजिन होते. जपानात तेव्हा रेल्वे नव्हती, परदेशाशी व्यवहार जवळजवळ बंद होता. जवळच्या सागा संस्थानाच्या लोकांनी ते छोटे इंजिन बारकाईने पाहिले. पुढच्या वर्षी अमेरिकेचा कमोडोर पेरी खऱ्याच्या चौथाई आकाराची आगगाडी भेट म्हणून घेऊन आला. योकोहामाला तिचे रूळ गोलाकार मांडले. एक जपानी अधिकारी आत मावेना, तर डब्याच्या टपावर बसला आणि अंगरखा वाऱ्यावर उडवत फेऱ्या मारू लागला. पाहणारे हसले असतील.

सागाचे लोक मात्र कामाला लागले होते. तनाका हिसाशिगे हा चावीच्या बाहुल्या आणि घड्याळे बनवणारा कारागीर, वयाची पन्नाशी ओलांडलेला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १८५५ मध्ये वाफेवर चालणारे छोटे इंजिन स्वतः तयार केले. ते खेळणेच होते. पण ते करताना बॉयलर म्हणजे काय, सिलिंडर किती घट्ट हवा, वाफ कुठून गळते, हे त्यांच्या हातांना समजले. या तनाकाने १८७५ साली तोक्योत काढलेल्या कारखान्यातून पुढे तोशिबा कंपनी उभी राहिली. त्याच सागाचा एक तरुण, ओकुमा शिगेनोबू, पुढे सरकारात गेला आणि जपानमध्ये रेल्वे आणण्यासाठी झटणाऱ्यांत अग्रभागी राहिला.

१८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा पहिली रेल्वे सुरू झाली. इंजिने इंग्लंडहून विकत आणलेली आणि मुख्य अभियंताही इंग्रज. १८९३ मध्ये कोबेच्या कारखान्यात पहिले इंजिन देशात बांधले गेले, तेही इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली. नंतर डी-५१ आले. १९५४ मध्ये सी-६२ जातीच्या एका इंजिनाने ताशी १२९ किलोमीटर वेग गाठला. अरुंद रुळावरच्या वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम ठरला. आणि ज्या शिमा हिदेओंनी डी-५१ च्या रचनेचे नेतृत्व केले, तेच पुढे १९६४ च्या पहिल्या बुलेट गाडीचे मुख्य अभियंता होते. पहिल्या खेळण्यापासून देशात बांधलेल्या पहिल्या इंजिनापर्यंत ३८ वर्षे लागली. घाई कोणी केली नाही, पण हातातले काम कोणी सोडलेही नाही. वस्तू विकत घेता येते, तिचे ज्ञान मात्र ती स्वतः घडवताना येते, हे सागाच्या लोकांनी ओळखले होते.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी आहे. मुलाला महागडे इंजिन आणून देऊ नका. त्याला पुठ्ठा, कात्री, मोजपट्टी आणि मोकळी सुट्टी द्या. मुलगी मागेल तर तिलाही द्या. घरात कचरा झाला म्हणून रागावू नका. आणि नापास होईल या भीतीने ते हिसकावून घेऊ नका. ती चूक मी करून चुकलो आहे. त्या मुलाची मी क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "सर, उत्तर मिळाले का?" तेव्हा मिळाले नव्हते. पुढे मिळाले तेव्हा त्याला कळवले.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला गृहपाठ दिल्याशिवाय शिक्षक व्यासपीठावरून उतरायचा नाही. आपली नेरळ-माथेरान गाडी १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभी केली. पैसा घातला तो त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. तिच्या रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. तुमच्याजवळ ९ मिलिमीटरचा रूळ आहे असे समजा. त्यावर माथेरानची गाडी अगदी अचूक बसवायची, तर ती किती पटींनी लहान करावी लागेल? भागाकार करा, पुठ्ठा कापा आणि पुढच्या मेळाव्यात गाडी घेऊन या. इन्शाअल्लाह, ती ठेवायला मी याच सभागृहात टेबल मांडून ठेवीन. खणात नाही.