नोंदणी पाहावी, नोंदवही मागावी

(जोहे येथील पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वैद्यक नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे स्वमग्न मुलांच्या उपचारांविषयी बोलतानाही आमची भाषा हिशेबाचीच असणार, याची क्षमा असावी.

मागे याच परिसरातील एक माता आमच्याकडे आली. मूर्तिकामाच्या हंगामातली सारी बचत तिने, 'सहा महिन्यांत मूल पूर्ण बरे करू' असे सांगणाऱ्या एका केंद्रात आगाऊ भरली होती. हाती पावती होती. पण उपचार कोणी केले, मुलात फरक काय पडला, याची एक ओळही नव्हती. पैसा पुन्हा मिळवता येतो. मुलाचे कोवळे वय परत येत नाही.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. ती 'घालवण्याची' हमी प्रामाणिक तज्ज्ञ देत नाही. वर्तनोपचारात मोठे कौशल्य लहान पायऱ्यांत विभागून शिकवतात आणि प्रत्येक यशाला शाबासकी देतात. त्यातून मूल आपली गरज सांगू लागते, स्वतःच्या हाताने जेवू लागते. हेच खरे उत्पन्न.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, नोंदणी क्रमांक. विशेष शिक्षक व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. १९९२ च्या कायद्याने ती आवश्यक केली आहे. व्यवसायोपचार तज्ज्ञांची परिषद वेगळी आहे. दुसरी, लेखी उद्दिष्टे आणि प्रगतीची नोंदवही. तिसरी, पालकांना उपचाराच्या वेळी बसू देतात काय? जेथे दार बंद असते, किंवा मुलाला मारून, दटावून, उपाशी ठेवून 'शिस्त' लावतात, तेथून मुलाला तत्काळ परत आणावे.

शासकीय आधारही घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाद्वारे २०१३ पासून अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून, त्याखालील निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही स्वमग्नतेला मान्यता दिली आहे.

जोह्याच्या मंडळींना अधिक काय सांगावे? मूर्ती साच्यातून निघते, परंतु डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीला निराळी, हातानेच करावी लागते. आपल्या मुलांसाठीही अशाच सिद्ध हातांचा शोध घ्यावा, एवढीच विनंती.