उन्हाचा वाटा

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात डॉ. डनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. शहरात नव्याने स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुलांना मुडदूस झाला होता आणि मोठ्यांची हाडं मऊ पडली होती. एकेकाळी मुडदुसाला ‘इंग्लिश रोग’ म्हणत. गिरण्यांच्या धुराखाली वाढलेल्या कित्येक गोऱ्या मुलांचे पाय त्याने वाकवले होते. तो जवळजवळ संपला असं वाटत असतानाच नव्याने आलेल्यांच्या घरात दिसू लागला.

मोठ्या माणसांत हा आजार चोरपावलांनी येतो. आधी कंबर, मांड्या ठणकतात. मग जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, जिना चढताना कठडा सुटत नाही, चाल बदकासारखी होते. परमुलखातली थंडी, बाळंतपण, कामाचा शीण असं म्हणत बाई दिवस काढते. भाषा येत नसली तर नेमकं कुठे दुखतं हे दवाखान्यात सांगणंही अवघड.

जेवण फारसं बदललं नव्हतं. बदललं होतं ऊन. हाडं पक्की करायला लागणारं ड जीवनसत्त्व जेवणातून थोडंच मिळतं. बरंचसं आपली कातडी उन्हात तयार करते. मुंबई १९ अंश उत्तरेला, ग्लासगो जवळपास ५६. तिथे हिवाळ्याचे महिनेच्या महिने सूर्य इतका कललेला असतो की त्यासाठी लागणारे किरण पुरेसे पोचतच नाहीत. सावळ्या कातडीला मुळात ऊन जास्त लागतं आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही. गावी शेतात, अंगणात न मागता मिळणारा हा वाटा गेला. ताट मात्र भरलेलंच दिसत राहिलं.

ब्रिटनमध्ये मार्गारिनमध्ये ड जीवनसत्त्व घालणं दुसऱ्या महायुद्धापासून सक्तीचं होतं. पण ज्या घरात चपातीला तूप लावतात तिथे ही सोय पोचणार कशी? चपातीच्या पिठातच ते घालावं, अशी सूचना झाली. सरकारने ती मानली नाही. १९८१ मध्ये मुडदूस थांबवण्याची देशव्यापी मोहीम निघाली, तर तिच्यातही आशियाई लोकांनी आपलं खाणंपिणं, राहणी बदलावी असाच सूर होता. हा सरळ अन्याय होता. गोऱ्या मुलांसाठी खाण्याच्या वस्तूत सुधारणा केली, आशियाई मुलांच्या वेळी आईबापांनाच सुधारायला निघाले. ग्लासगोत ड जीवनसत्त्व फुकट वाटलं गेलं, तेव्हा मुलांमधला मुडदूस झपाट्याने घटला. त्यासाठी कुणाची चपाती सुटली नाही.

लंडनच्या साउथॉल भागातल्या पाहणीतून १९९१ मध्ये दुसरी काळजी पुढे आली. चाळिशी ओलांडलेल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह १९ टक्के, युरोपीय वंशाच्या लोकांत ४ टक्के. याचा एक धागा पुण्यात सापडतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२! काट्यावर सडपातळ दिसणारा माणूस आतून तसा असेलच असं नाही. म्हणून ब्रिटनमध्ये आता दक्षिण आशियाई माणसाला २५ ऐवजी २३ बीएमआयपासूनच सावध केलं जातं.

आज पुण्या-नाशिकहून लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघालेल्या आजीच्या बॅगेत डिंकाचे लाडू असतात, अळीव असतात. ते जरूर न्यावेत. पण तेल लावून बाळाला खिडकीपाशी उन्हात धरण्याची इथली रीत जानेवारीतल्या लंडनमध्ये ड जीवनसत्त्वाच्या कामी येत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यावं, असं तिथली आरोग्यसेवा सांगते. त्या थेंबांची बाटली तिथल्या औषधाच्या दुकानात मिळते. लेकीच्या घरी पोचल्यावर आजीने पहिल्या दिवशीच विचारावं, ती आणली आहे का.